मास्तर, त्या हाताबद्दल सांगायचं होतं

मास्तर,

आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहावं असा मी कोणी नाही. तुमचे खरे विद्यार्थी इटलीत आहेत. तेही आता म्हातारे झाले असतील, आणि त्यांच्याजवळ तुमची कितीतरी वर्षं असतील. माझ्याजवळ ओमानच्या किनाऱ्यावरच्या सहममधले तीन हिवाळे आहेत. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल कसं लिहायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही. माझी मराठीसुद्धा शाळेची नाही. अब्बांनी दुकानातल्या रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर अक्षरं गिरवून घेतली, तेवढ्या भांडवलावर मी पुढे वाचत गेलो.

मस्कतच्या आमच्या मराठी मंडळाचा अंक निघतो. त्याच्या संपादिका बाईंनी फोन केला. "तू त्या इटालियन चित्रकाराकडे शिकत होतास ना? दोन पानं लिही की." मी पटकन हो म्हणालो. फोन ठेवला आणि मग भीती वाटली. कारण तुमच्याबद्दल खरं लिहायचं तर त्या हाताबद्दल लिहावं लागेल, आणि हाताबद्दल मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

तर सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर दोन पानं संपतील आणि मी पुन्हा गप्प राहीन. आमच्या दुकानाचा मालक सालेम, त्याच्या मजलिसमधल्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीतल्या, भिंतीवर दोर ओढणारा जो उजवा हात मी रंगवला, जो तुम्ही येईल त्या पाहुण्याला "हा या मुलाचा" म्हणून दाखवायचात, त्यात मी लबाडी केली होती. तो पूर्ण ओल्या गिलाव्यात रंगवलेला नाही. त्याचा अंगठा आणि दोन बोटं मी दुसऱ्या वस्तूने, सुकल्यावर, चिकटवली आहेत.

आता माझी परीक्षा संपली की मी सहमला जाणार आहे. सालेमची परवानगी काढून तो तुकडा छिन्नीने फोडणार आणि तुम्ही शिकवलं तसा पुन्हा करणार. भिंत आहे तोवर हे करता येईल. मला सध्या एवढाच एक आधार आहे.

तुम्ही गेल्याला आज अकरा दिवस झाले. अब्बांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या कँटीनमध्ये रांगेत होतो. ते म्हणाले, "मास्तर गेले रे. सोहारच्या हॉस्पिटलात. सकाळी." मी विचारलं, "काय झालं होतं?" ते म्हणाले, "वय झालं होतं. तू पेपर दे." माझ्या मागचा मुलगा म्हणाला, "भाई, पुढे सरक." मी सरकलो आणि जेवण घेतलं. ते मी खाल्लंसुद्धा, हे तुम्हांला सांगायला लाज वाटते.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या दुकानात आलात तो दिवस अब्बा अजून नक्कल करून सांगतात. सहमच्या बाजारात रंग, ब्रश, खिळे, पाइप विकणारं आमचं दुकान. नावावर सालेमचं, कारण तो आमचा अर्बाब, मालक. गल्ल्यावर अब्बा. तुम्ही काठी टेकत आत आलात, डोक्यावर ओमानी टोपी, अंगावर रंगाचे डाग पडलेली पँट, आणि हिंदीत म्हणालात, "चुना चाहिए. मुर्दा नहीं, ज़िंदा."

अब्बांनी पिशवीतला तयार चुना पुढे केला. तुम्ही तो चिमटीत घेतलात आणि जमिनीवर टाकलात.

"ये मर गया."

दुसरा कोणी असता तर अब्बांनी हाकलला असता. पण अब्बा रत्नागिरीकडचे. लहानपणी त्यांनी शिंपले भाजून चुना करायच्या भट्ट्या पाहिलेल्या, ती भाजलेली चुनकळी पाण्यात टाकली की कशी फुसफुसते ते पाहिलेलं. ते म्हणाले, "मास्तर, ज़िंदा चाहिए तो खड्डा खोदना पड़ेगा. और सबर." तेव्हापासून तुम्ही आमचे मास्तर. मी तुम्हांला सर म्हणायचो तर तुम्ही वैतागायचात. "सर बँकेत असतात. तुझा बाप म्हणतो तेच म्हण."

सालेमच्या शेतावर, खजुराच्या रांगेमागे, अब्बांनी खड्डा खणला. चुनकळी विझवली, वर पाणी राखलं, आणि तुम्ही दोघं दर शुक्रवारी नमाजानंतर त्या खड्ड्याकाठी खुर्च्या टाकून बसायचात. एक रंगाचा दुकानदार आणि एक म्हातारा चित्रकार एका पांढऱ्या डबक्याकडे बघत बसलेले. सालेम अब्बांना नावाने हाक मारून हसायचा. "लतीफ, यामध्ये मासे सोडलेत काय?" तुम्ही म्हणायचात, "वर्षभर थांब. मग यातून भिंत निघेल."

तुमची हिंदी तुम्ही रुस्ताकच्या किल्ल्यावर शिकलात, जिथे तुम्ही भारतीय मजुरांना जुना गिलावा दुरुस्त करायला शिकवायचात. त्यामुळे तुमच्या हिंदीत व्याकरण कमी आणि शिव्या जास्त. अम्मी तुमच्यासमोर चहा ठेवून लगेच आत जायची. तिला वाटायचं तुम्ही कोणावर तरी रागावलाय. तुम्ही तर फक्त "साखर जास्त झाली" एवढंच म्हणत असायचात.

तुमच्या आयुष्याबद्दल मला सलग काही माहीत नाही. पेपरात जे येतं तसलं मला लिहिता येणार नाही. मला तुकडे माहीत आहेत. तुमचे वडील दगडाच्या खाणीत कामाला होते. तुम्ही त्या घरातले पहिले शिकलेले. हे तुम्ही मला फार उशिरा सांगितलंत, आणि तेव्हा मला तुमचा थोडा रागच आला, कारण तोवर मी तुम्हांला मोठ्या घरातला समजत होतो आणि माझी सगळी भित्री कारणं त्यावर उभी होती. डोंगरातल्या एका गावात तुम्ही कलाशाळेत शिकवायचात. संध्याकाळच्या वर्गाला पोस्टातले, गॅरेजमधले लोक यायचे. मग एक दिवस नव्या मुख्याध्यापकांनी भिंतीचा वर्ग बंद केला. म्हणाले, आता भिंती कोण रंगवतं? तुम्ही म्हणालात, "बरोबर विचारलं त्याने. मला उत्तर आलं नाही. मी बायकोला पुरलं, घर विकलं आणि जिथे अजून चुन्याचं काम होतं तिथे आलो."

तुम्ही केलेल्या भिंती किती, हे मी एकदा विचारलं होतं. तुम्ही बोटांवर मोजत म्हणालात, "एक प्रार्थनाघरात. भूकंपात गेली. एक शाळेत. शाळाच पाडली. एक माणसाच्या घरात, त्याच्या मुलाने वर टाइल्स लावल्या." मग सालेमच्या कोऱ्या भिंतीकडे हात करून म्हणालात, "आणि ही." मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. मला त्यातलं दुःख कळलं नाही. मला फक्त वाटलं, बरं झालं, या भिंतीत मी असेन.

मास्तर, तुमचं काम समजावून सांगायचं तर मला अजून भीती वाटते की मी चुकीचं सांगेन. तरी वाचणाऱ्यांसाठी सांगतो. भिंतीवर ओला गिलावा द्यायचा, पण त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच. त्या तुकड्याला तुम्ही "दिवस" म्हणायचात. "आज केवढा दिवस घालू?" गिलावा ओला आहे तोवर पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना सुकताना रंग पोटात घेतो, मग तो पुसून जात नाही. इटलीत तुम्हांला एका दिवसाला आठ तास मिळायचे. इथे हिवाळ्यातसुद्धा पाच, तेही दाराखिडक्यांना ओली पोती टांगून. वेळ संपली की भिंत मिटते. मिटल्यावर हात लावायचा नाही. काम अपुरं राहिलं किंवा चुकलं तर तो दिवस छिन्नीने काढून टाकायचा आणि उद्या नव्याने घालायचा. सुकल्या भिंतीवर खळ किंवा अंड्याचा बलक वापरून रंग चिकटवता येतो, दिसतोही तसाच, पण तो वर बसलेला असतो. हवा दमट झाली की पावडर होऊन उतरतो.

"ते चित्र नाही," तुम्ही म्हणायचात. "तो मेकअप."

सालेमला माणसांचे चेहरे नको होते. मजलिसमध्ये पाहुणे बसतात, घरातले म्हातारे नमाज पढतात. अब्बांनाही बरं वाटलं, कारण तेही मला घरी हळूच म्हणाले होते, "झाडं काढ, होड्या काढ, चेहरे नको." तुम्ही अजिबात वाद घातला नाहीत. सहमच्या किनाऱ्यावर जाळं ओढणारे कोळी, सगळे पाठमोरे. तुम्ही म्हणालात, "पाठ खोटं बोलत नाही. आणि हात. हातांवर सगळी भिंत उभी करू." सव्वीस दिवसांची भिंत ठरली. पंचवीस तुमचे. एक माझा.

आपला वाद मात्र चालूच राहिला, आणि तो आता माझ्याकडे तसाच पडून आहे.

एकदा तुम्ही आदल्या दिवशी एक सुंदर पाठ काढली होती. मला तरी सुंदर वाटली. सकाळी येऊन पाहिलीत आणि म्हणालात, "काढ ती." मी छिन्नी हातात घेऊन उभा राहिलो.

"मास्तर, चांगली आहे."

"खांदा मेलाय."

"कोणाला दिसणार आहे?"

"मला दिसला."

"तुम्हांला काढून टाकायला परवडतं," मी म्हणालो. इतकं मी कधीच कोणाला बोललो नव्हतो. "आमच्याकडे चूक झाली तर दुसरा दिवस नसतो. बारावीत एक विषय गेला असता तर मी आज दुकानात पाइप मोजत असतो. आम्ही चूक झाकतो, मास्तर. झाकूनच पुढे जातो."

तुम्ही रागावला नाहीत. खाली पायरीवर बसलात. "मीही झाकत होतो," तुम्ही म्हणालात. "तुझ्याएवढा असताना. मग कळलं, झाकलेली चूक माणूस आयुष्यभर उचलून नेतो. फोडलेली इथेच राहते, पायाखाली. कुठली हलकी?"

"तुम्ही जिंकलात तर मी काय बोलणार."

"मग जिंकलो नाही. चल, फोड. नंतर भांडू."

मी फोडली. नंतर आपण भांडलो नाही.

माझा दिवस आला तेव्हा तुम्ही नव्हता. सोहारला डोळे दाखवायची वेळ मिळाली होती, अब्बा गाडीने घेऊन जाणार होते. निघताना तुम्ही पहाटे माझ्यासाठी गिलावा स्वतः दिलात. तळहाताएवढाच नाही, बराच मोठा तुकडा. दोर, मनगट, हात. हाताच्या चित्राच्या कागदाला सुईने भोकं पाडलेली होती. त्यावरून कोळशाची पुरचुंडी आपटून आकार उमटवलात आणि म्हणालात, "आज परीक्षा. हात झाला तर कॉलेजला पत्र लिहितो. नाही झाला तर उद्या पुन्हा परीक्षा. घाबरू नको. भिंतीला घाई नसते, घाई तुला असते."

अब्बा गाडीतून ओरडले, "यल्ला मास्तर, उशीर होतोय!"

पहिले दोन तास चांगले गेले. मनगट झालं, दोर झाला. मग मी हाताच्या मागच्या बाजूला लागलो. ओल्यावर गेरू गडद दिसतो, सुकल्यावर उजळतो, हे तुम्ही शंभर वेळा सांगितलं होतं. तरी मला तो गडद दिसला. मी वर हिरवी माती लावली. मग ती जास्त वाटली म्हणून पुन्हा गेरू. असं करत मी एका शिरेभोवती तीन तास फिरलो. अंगठा आणि दोन बोटं राहिली तेव्हा भिंत मिटली होती. ब्रश लावला तर पाणी आत जाईना, थेंब तसाच ओघळला.

छिन्नी बाजूलाच होती. खड्ड्यात चुना भरपूर होता. म्हणजे अडचण म्हणून काहीच नव्हती, मास्तर. फक्त "नाही झाला" हे तुम्हांला सांगायचं होतं. मला ते जमेना. मला वाटलं, तुम्ही सोहारहून याल, फुटलेली भिंत पाहाल आणि तुम्हांला कळेल की हा मुलगा दुकानाच्या लायकीचा आहे. तुम्ही तसं कधीच म्हणाला नसतात. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी सायकलने घरी गेलो. अम्मीने दुपारच्या भाताची पेज गाळून ठेवली होती. अंडं वापरलं असतं तर चमकलं असतं, तुम्ही लगेच ओळखलं असतं. पेज चमकत नाही. चुन्यासारखीच निस्तेज बसते. हे सगळं मी सायकलवर विचार करून ठरवलं. अम्मी म्हणाली, "पेज कशाला रे डब्यात?" मी म्हणालो, "पोटात जळजळतंय." तिने वर मीठही टाकलं. मी ती ओतून दुसरी, बिनमिठाची घेतली.

पेजेत गेरू कालवून मी अंगठा आणि दोन बोटं पुरी केली. अर्धा तासही लागला नाही. इतकं सोपं होतं.

संध्याकाळी तुम्ही आलात, डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धूसर दिसत होतं तुम्हांला. "उद्या बघतो," म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही भिंतीच्या अगदी जवळ गेलात. मला वाटलं आता संपलं. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात, मग मागे आलात आणि माझ्या गालावर हलकी चापट मारलीत.

"अंगठा," तुम्ही म्हणालात. "अंगठा सगळ्यात चांगला झालाय."

सालेम मागून म्हणाला, "माशाल्ला. चला, खलास. आता जेवा."

त्या दुपारी तुम्ही पत्र लिहिलंत. ते मी अजून जपून ठेवलंय आणि उघडत नाही. त्यात एक ओळ आहे: या मुलाने सुकल्या भिंतीला कधी हात लावलेला नाही. प्रवेशाच्या मुलाखतीत तिथल्या बाईंनी ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "म्हणजे काय?" मी त्यांना समजावून सांगितलं. फार छान समजावलं. इतर मुलांकडे कॉम्प्युटरवर केलेली मोठमोठी कामं होती, माझ्याकडे ती ओळ होती. त्या ओळीवर मला प्रवेश मिळाला.

मस्कतहून मी दर महिन्याला घरी यायचो आणि तुमच्याकडे येणं टाळायचो. अब्बा म्हणायचे, "मास्तर विचारत होते. जाऊन ये." मी म्हणायचो, असाइनमेंट आहे. तुमचं घर आमच्यापासून चालत सात मिनिटांवर होतं.

तुमच्याकडे शेवटचा आलो तो गेल्या हिवाळ्यात. तुम्ही बारीक झाला होता. कॉफी करताना तुमच्या हातून थोडी सांडली आणि मी मदतीला उठलो तर तुम्ही डोळे वटारलेत. आपण कॉलेजबद्दल बोललो. मग तुम्ही आपणहून एक गोष्ट सांगितलीत. संध्याकाळच्या वर्गात एक गॅरेजमधला मुलगा होता, हाताने फार चांगला. त्याने वर्षाच्या शेवटच्या कामात सुकल्यावर झाडाचं एक पान रंगवलं. तुम्ही ओळखलंत आणि नापास केलंत. तो पुन्हा आला नाही.

"त्याला विचारायला हवं होतं," तुम्ही म्हणालात. "का केलंस म्हणून. मी विचारलं नाही. एवढी वर्षं झाली. आज तो समोर आला तर मी त्याला काही बोलणार नाही, कॉफी देईन."

मास्तर, तो दरवाजा उघडा होता. तुम्ही माझ्याकडे बघतही नव्हता, साखर ढवळत होता. मी तोंड उघडलं. तुम्ही म्हणालात, "काय?"

मी म्हणालो, "साखर जास्त झालीय."

तुम्ही हसलात. खूप हसलात. मीही हसलो. मग अंधार पडायच्या आत घरी आलो.

आता कॉलेजात कोणी माझ्या कामाचं कौतुक केलं की मला आधी ते काम फोडून टाकावंसं वाटतं. काही वेळा फोडतोही. बाकीच्यांना वाटतं हा फार शिस्तीचा. ती शिस्त तुमचीच आहे, माझ्या हाती चोरून आलेली. तरी तुमच्यामुळे मला एक गोष्ट मिळाली जी आमच्या घरात कोणाला मिळाली नव्हती: चुकल्यावर उद्या पुन्हा करता येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एक ऐंशीच्या पुढचा माणूस आपली सुंदर पाठ फोडतो आणि दुसऱ्या दिवशी शीळ घालत नवा चुना कालवतो. ते पाहिलं नसतं तर मी कॉलेजचा पहिला महिनासुद्धा काढला नसता. हेही तुम्हांला सांगायचं राहिलं. आभार मानायचे तर आधी कबूल करावं लागलं असतं, म्हणून मी आभारही मानले नाहीत.

तुमची भाची इटलीहून आली आणि तुम्हांला घेऊन गेली. मी विमानतळावर जाऊ शकलो असतो, माझ्या खोलीपासून फार लांब नाही. त्या दिवशी पेपर होता. मी पेपर दिला.

इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. शेवटी भिंतीबद्दल लिहायचं ठरवलं होतं. सालेमने परवानगी दिली, मी तुकडा फोडला, नवा हात केला, असं काहीतरी. परवा शेवटचा पेपर झाला आणि काल दुपारच्या बसने मी सहमला आलो. पिशवी घेऊन सरळ दुकानात गेलो. अब्बा एकटेच होते, एका गिऱ्हाइकाला नळाची तोटी देत होते. तो जाईपर्यंत मी थांबलो.

"अब्बा, सालेमकडे जायचंय. मजलिसमधल्या भिंतीचं थोडं काम आहे."

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मग दुकानाची काच आतून ओढून घेतली.

"बस," ते म्हणाले. "तुझे पेपर होते म्हणून बोललो नाय."

अब्बांनी सांगितलं, उन्हाळ्यात सालेम घरच्यांना घेऊन दक्षिणेला, थंड हवेच्या सलालाला गेला होता. मजलिस दोन महिने बंद, एसी बंद, आत समुद्राची दमट हवा कोंडलेली. परत आल्यावर साफसफाई करताना एका हाताचा रंग फडक्याला आला. अंगठ्याचा. सालेमने तुम्हांला बोलावलं. तुम्ही बोट फिरवलंत, बोटाला गेरू लागला. तुम्ही खुर्ची मागितलीत आणि बराच वेळ बोटाकडेच बघत बसलात.

"म्हणाले, चुन्यात काहीतरी चुकलंय," अब्बा म्हणाले. "मी म्हटलं, खड्डा माझा, चूक माझी असंल. मीठ राहिलं असंल. तर म्हणाले, नाय लतीफ, खड्डा मी रोज बघत होतो. मग छिन्नी घेतली आणि हात काढला. खालचा गिलावा बघितला, वास घेतला, जिभेला लावून बघितला. पक्का होता. म्हणाले, मग चूक शेजारच्यात सुरू झाली असणार. दुसऱ्या दिवशी शेजारचा काढला. तोही पक्का."

मी विचारलं, "सालेमने थांबवलं नाही?"

"तो काय थांबवणार? म्हणाला, भिंत त्यांची हाय, माफी मुश्किल, म्हणजे काय हरकत नाय. नंतर तोही रडवेला झाला. मी पोती भरून डबर बाहेर टाकत होतो. रोज एक-दोन तुकडे. हातोडी दोनदा हातातून निसटून त्यांच्या पायावर पडली. मी म्हटलं, पोराला फोन लावतो, तो येऊन बघेल. त्यांना पण लावायचा होता. मीच नको म्हटलं. पेपर होते तुझे."

अब्बांनी तोट्यांचं खोकं बाजूला सारलं. मग म्हणाले, "एकदा मी बोललो त्यांना. म्हटलं, मास्तर, तो हात तर पोराचा होता. त्यानंच सुकल्यावर काय तरी लावलं असंल. एवढी तोडफोड कशाला? तर असे भडकले माझ्यावर. कधी आवाज चढवला नव्हता आजवर. म्हणाले, लतीफ, बाप असून असं बोलतोस? तो मुलगा सुकल्या भिंतीला हात लावत नाही. चूक चुन्यात आहे. शोध."

सव्वीसच्या सव्वीस दिवस पक्के निघाले, मास्तर. शेवटचा फोडलात त्याच दुपारी तुम्हांला सोहारच्या हॉस्पिटलात नेलं.